वारं, फेफरं आणि हाताची थरथर

तोंड वाकडं झालं की ‘वारं गेलं’, शुद्ध हरपून हातपाय झडले की ‘फेफरं आलं’, म्हाताऱ्याचा हात कापू लागला की ‘वय झालं’. ढोकी-तेरच्या पट्ट्यात अशी नावं घरातच दिली जातात आणि लक्षण नीट बघायचं राहून जातं.

गैरसमज : तोंड वाकडं झालं, दोन दिवस मालिश करून बघू.

आधी कपाळ बघा. भुवया वर करायला सांगितल्यावर एका बाजूला आठ्या पडत नसतील आणि तो डोळाही मिटत नसेल, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलेली असते. कपाळावर आठ्या पडतात, पण ओठ एकीकडे ओढला गेलाय, हात उचलत नाही, बोबडी वळतेय, तर तो मेंदूचा झटका धरायचा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा. ढोकीहून लातूर किंवा सोलापूर गाठायचं तर मालिशीत घालवायला वेळच नाही. शंका असली तरी १०८ ला फोन करा, आणि माणूस धड कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

गैरसमज : फेफरं आलं की चप्पल किंवा कांदा हुंगवावा.

झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, म्हणून कांद्याला श्रेय मिळतं. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर थेट दवाखाना. आणि प्रत्येक झटका अपस्माराचा नसतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलेल्या माणसाची साखर उतरली, की दरदरून घाम येतो, तो असंबद्ध बोलतो, कधी एक बाजूही लुळी पडते. बोटातल्या थेंबभर रक्ताने हे मिनिटभरात कळतं. शुद्धीत असेल तर साखरपाणी द्यावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये.

गैरसमज : हात थरथरतो तो म्हातारपणाने.

मांडीवर निवांत ठेवलेला हात थरथरतो, काम करताना थांबतो, एकाच बाजूने सुरुवात झालीय, पावलं आखूड पडतायत, तर कंपवाताचा विचार करावा. याउलट हात पुढे ताणल्यावर बोटं बारीक कापतात, तळवे गरम-ओले आहेत, नाडी पळतेय, भूक असून वजन उतरतंय, तर थायरॉइड जास्त काम करत असावं. पहिला विकार मेंदूचा, दुसरा ग्रंथीचा. उपचार पूर्ण वेगळे.

गैरसमज : मोठ्या यंत्राशिवाय मेंदूचं काही कळत नाही.

१९७१ साली मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी तोल जाण्याच्या एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं. या रुग्णांची नजर एकीकडून दुसरीकडे फारच हळू सरकते, हे त्यांनी हेरलं होतं. या वर्णनाशी जुळणाऱ्या आजाराचं जनुक सापडलं १९९६ साली. तपासणी कोणती करायची हेही रुग्णाला बघूनच ठरतं, असं मला ठामपणे वाटतं.

गैरसमज : गळा सुजला तरच थायरॉइड.

गळा अगदी सपाट असूनही ग्रंथी मंदावलेली असू शकते. थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, जडावलेला आवाज, पाळी बिघडलेली; यातलं एकेक लक्षण ‘कामाचा शीण’ म्हणून बायका अंगावर काढतात. हातोडीने घोट्यामागे ठोकल्यावर पाऊल खाली झटकतं, पण सावकाश परततं, ही डॉक्टरांची जुनी खूण. खात्री टीएसएचच्या रक्ततपासणीने होते. दिवस गेले म्हणून थायरॉइडची गोळी बंद करणाऱ्या आहेत; खरं तर गरोदरपणात बहुतेकींना तिचा डोस वाढवावा लागतो.