चार वर्षं आधी ऑलिम्पिकचा संघ सांगता येतो का? जिम्नॅस्टिक्सचे अंदाज इथेच फसतात

ऑलिम्पिक संपलं की मोबाईलवर नवीन चर्चा सुरू होते. पुढच्या वेळी जिम्नॅस्टिक्सच्या संघात कोण कोण असणार? पेरणीच्या आधीच बाजारभाव सांगावा, तसा हा प्रकार. लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक जुलै २०२८ मध्ये आहे. पण त्या संघाची नावं लोक कधीपासूनच सांगायला लागलेत.

हे अंदाज किती टिकतात ते बघायला अमेरिकेचा महिला संघ घेऊ. तिथं चांगल्या मुली इतक्या आहेत, की पदकापेक्षा संघात जागा मिळवणंच अवघड.

चौघींपैकी एकच पोहोचली

२०१३ साल. लंडन ऑलिम्पिक होऊन वर्ष झालेलं. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेला अमेरिकेनं चार मुली पाठवल्या. सिमोन बाइल्स, कायला रॉस, मकायला मरोनी आणि ब्रेना डोवेल. चारही प्रकार मिळून होणाऱ्या स्पर्धेत बाइल्स पहिली, रॉस दुसरी. व्हॉल्टचं सुवर्ण मरोनीकडं. रॉस आणि मरोनी लंडनच्या सुवर्णविजेत्या संघातल्या. त्या दिवशी कोणी रिओची यादी केली असती, तर ही तीन नावं डोळे झाकून लिहिली असती.

२०१६ ला रिओच्या संघात त्या चौघींपैकी फक्त बाइल्स होती.

मग बाकी जागांवर कोण आलं? गॅबी डग्लस आणि अली रेझमन. लंडननंतर दोघी स्पर्धांपासून लांब होत्या, २०१५ मध्ये परत आल्या. लॉरी हर्नांडेझ २०१३ मध्ये १३ वर्षांची ज्युनिअर होती. चौथी मॅडिसन कोशियन. म्हणजे एक सापडली, बाकीच्या चौघी यादीबाहेरून आल्या.

वयाचा नियम

महिलांच्या ऑलिम्पिक जिम्नॅस्टिक्सला त्या वर्षी १६ पूर्ण होणारी किंवा त्याहून मोठी मुलगीच चालते. बाइल्सचा जन्म मार्च १९९७ चा, म्हणून लंडनला तिचा विचारच झाला नाही. २०२८ साठी जन्म २०१२ किंवा त्याआधीचा लागतो. पॅरिस ऑलिम्पिक झालं तेव्हा या मुलींतल्या सगळ्यात लहान ११-१२ वर्षांच्या होत्या. त्या वयानंतर उंची वाढते, वजन बदलतं, आणि काल सहज जमणारी उडी आज जमत नाही. बाराव्या वर्षीचा खेळ बघून सोळाव्या वर्षीचं सांगणं म्हणजे निम्मा अंदाज आणि निम्मी आशा. आणि ज्या पोरीचं नाव चर्चेत येतं, तिच्या हातातही मोबाईल असतोच. तीही ते वाचते.

सगळ्यात चांगल्या पाच घेतल्या, असं होत नाही

इथं बहुतेकांची गल्लत होते. खेळाचे प्रकार चार: व्हॉल्ट, दोन वेगळ्या उंचीचे बार, अरुंद लाकडी पट्टीसारखी बीम आणि फ्लोअर. सांघिक अंतिम फेरीत प्रत्येक प्रकारात तिघीच उतरतात आणि तिघींचेही गुण धरले जातात. एकही पडली तर झाकायला जागा नाही.

समजा, एक मुलगी चारही प्रकारांत १३.५ गुण घेते. पण संघातल्या तिघी आधीच फ्लोअर, बीम आणि व्हॉल्टवर तिच्या पुढे आहेत. मग तिचा उपयोग फक्त बारवर. त्याच जागेला दुसरी एक मुलगी आहे, ती बाकी प्रकारांत साधारण, पण बारवर १४.५ घेते. जागा दुसरीला जाते, कारण संघाची बेरीज तिच्यामुळं एका गुणानं वाढते. कोशियन रिओला गेली ती याच हिशोबानं. सांघिक अंतिम फेरीत ती फक्त बारवर उतरली. आणि लंडनची वैयक्तिक सुवर्णविजेती डग्लस? तीही त्या फेरीत फक्त बारवरच खेळली.

संघाचा आकारही बदलतो. रिओला पाच, टोकियोला चार, पॅरिसला पुन्हा पाच. त्यात दर चार वर्षांनी गुणांची नियमावली नवीन येते. कालची महाग उडी आज स्वस्त होऊ शकते.

शरीर कधी साथ सोडेल, सांगता येत नाही

२०२१ मध्ये टोकियोला बाइल्सला हवेत असताना आपलं शरीर कुठं आहे तेच कळेना, म्हणून तिनं बऱ्याच फेऱ्यांतून माघार घेतली. ती पॅरिसला खेळेल, असं तेव्हा छातीठोकपणे कोण म्हणालं असतं? ती २०२३ मध्ये परतली आणि २७ व्या वर्षी पॅरिसला तीन सुवर्णपदकं घेऊन गेली. त्याच संघातली हेझली रिवेरा टोकियोच्या वेळी १३ वर्षांची होती.

याची दुसरी बाजू कडू आहे. जून २०२४ अखेर मिनियापोलिसला निवड चाचणी झाली. त्या चार-पाच दिवसांतच शिलीस जोन्स, स्काय ब्लेकली आणि केला डिसेलो, तिघी जखमी झाल्या. जोन्सकडं २०२२ आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धांची वैयक्तिक पदकं होती. चार वर्षं सोडा, महिनाभर आधी केलेली यादीही चुकली.

आपल्याकडं दीपा कर्माकरचं असंच झालं. २०१६ ला रिओत व्हॉल्टला ती चौथी आली, पदक ०.१५ गुणांनी हुकलं. पुढच्या वेळी पदक पक्कं, असं अनेकांना वाटलं. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोला ती जाऊ शकली नाही. भारताकडून प्रणती नायक गेली. पॅरिसला भारताचा एकही जिम्नॅस्ट नव्हता.

मग २०२८ साठी बघायचं काय?

ऑलिम्पिकनंतरच्या पहिल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत सांघिक स्पर्धा नसते. म्हणून २०२५ च्या निकालांवरून संघ ठरवायच्या भानगडीत पडू नये. रिवेरानं २०२५ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, ही चांगली खूण आहे, पण खूणच. दुसऱ्या वर्षापासून कोणत्या देशाला कोणता प्रकार जड जातो ते दिसायला लागतं. नाव शोधण्याआधी ती रिकामी जागा शोधावी. लॉस एंजेलिसला मुलं-मुली एकत्र खेळणारी मिश्र सांघिक स्पर्धाही पहिल्यांदाच असेल, त्यामुळं निवड समित्यांना आणखी एक हिशोब मांडावा लागणार आहे.