मनाचे आजारपण आणि चालण्याचा व्यायाम



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. आज थोडे वेगळे लिहावयाचे आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठचा ऊस पाण्याखाली गेला, शेंडे कुजले. पाणी ओसरल्यावर आम्ही पाहणीला फिरत होतो. एका सभासदांच्या घरी गेलो, तर ते भरदिवसा अंथरुणावर. जेवण नाही, झोप नाही, कुणाशी बोलणे नाही. आम्ही म्हणालो, "आबा, मन घट्ट करा, कामाला लागा." हा सल्ला चुकीचा होता, हे आम्हांला नंतर कळले. तो आळस नव्हता, नैराश्याचा आजार होता.

थोरल्या भावाने त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला न्या म्हणून सांगितले. घरची मंडळी म्हणाली, "जन्मभर राबलाय की! आणखी व्यायाम कसला?"

प्रश्न रास्त आहे. पण कर्जाचा घोर डोक्यात घेऊन एकट्याने दमेपर्यंत राबणे वेगळे. ठरल्या वेळी, सोबतीने, झेपेल तेवढे चालणे वेगळे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने नैराश्य असलेल्या, वयाची पन्नाशी गाठलेल्या १५६ जणांवर केलेला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. काहींना औषध, काहींना आठवड्यातून ३ वेळा व्यायाम, काहींना दोन्ही दिले. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच होती. औषधाचा गुण मात्र लवकर दिसू लागला. तेव्हा गोळ्या सोडून नव्हे, तर गोळ्यांच्या जोडीला चालणे.

आबा पहिल्या दिवशी अंगणापर्यंत गेले. आठवड्याने विहिरीपर्यंत. मध्ये दोन दिवस उठलेच नाहीत. भाऊ रागावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा चपला पुढ्यात आणून ठेवल्या.

तोडणीनंतर रान उजाड दिसते, पण बुडखा जिवंत असतो. बुडखे छाटून वेळेवर खत-पाणी दिले की फुटवा येतो. कोंब हाताने ओढून वर काढता येत नाही. माणसाचेही तसेच.

घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) सुरुवात १० मिनिटांनी करावी, हळूहळू अर्ध्या तासावर न्यावी. दम्याचा, हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

२) नुसते "चाला" म्हणू नये, बरोबर चालावे.

३) गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

४) माणूस जीव नकोसा झाल्याचे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये, औषधफवारणीच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात आणि लगेच डॉक्टर गाठावा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

वर्षभराने आबा लागणीच्या नोंदीसाठी गट ऑफिसात स्वतः चालत आले. आम्ही खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "बसत न्हाई साहेब, दादा भायेर थांबलाय."