रेझिलियंट मॉड्युलस
रेझिलियंट मॉड्युलस हे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराखाली मातीचा ताठपणा दर्शविणारे परिमाण असून रस्त्याच्या थरांची जाडी ठरविताना ते वापरतात. चाक पुढे गेल्यावर दबलेली माती बहुतांशी पूर्ववत होते. अल्पसे दबणे मात्र कायम राहते. आवर्ती प्रतिबल आणि पूर्ववत होणारी विकृती यांचे गुणोत्तर म्हणजे हा मॉड्युलस होय. अमेरिकेतील आशटो संस्थेने १९८६ च्या मार्गदर्शिकेत त्याचा स्वीकार केला.

पूर्ववत होणाऱ्या दबण्यामुळे डांबरी थर प्रत्येक फेरीत वाकतो व कालांतराने त्यास भेगा पडतात. कायम राहणारे दबणे साचत जाऊन चाकोऱ्या उमटतात. त्यामुळे एका जड भारास टिकणारी माती लाखो फेऱ्यांना टिकेलच असे नाही.

भारतात 'आयआरसी : ३७' नुसार रचना करताना ८० किलोन्यूटनचा आस प्रमाण मानतात. मातीचे सीबीआर मूल्य ५ टक्क्यांपर्यंत असल्यास त्याच्या १० पट मेगापास्कल इतका मॉड्युलस धरतात. म्हणजे ३ टक्क्यांस ३० मेगापास्कल.

माती ओलावल्यास मॉड्युलस घटतो. म्हणूनच सीबीआर चाचणीपूर्वी नमुना सहसा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. महाराष्ट्रातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा ठिकाणी चांगल्या मुरमाचा भराव किंवा चुन्याने स्थिरीकरण करतात. तथापि बाजूची गटारे तुंबल्यास पाणी मुरून पुरेशा जाडीचा रस्ताही अकाली खचू शकतो.