फाइल शाबूत, अक्षरं गायब

दर्यापूरच्या टायपिंग सेंटरवर कॉलेजचा प्रकल्प मराठीत टाइप करून घ्यायचा, ड्राइव्हवर चढवायचा आणि अमरावतीला जाताना एसटीत मोबाईलवर एकदा नजर टाकायची, हा आता अनेकांचा शिरस्ता. पण कधीकधी ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं दिसतात. संशय लगेच क्लाउडवर जातो: वर चढवताना फाइल बिघडली.

क्लाउड निर्दोष आहे. बाइट जसेच्या तसे सांभाळायचे, एवढंच त्याचं काम. मजकुराशी त्याला देणंघेणं नसतं. कृतिदेवसारखे जुने फाँट वापरले की फाइलमध्ये मुळातच रोमन अक्षरं साठतात. ‘ई’च्या जागी ‘म’चं चित्र, ‘जे’च्या जागी ‘र’चं, ही करामत फाँटची. सेंटरच्या संगणकावर हे सोंग छान वठतं. मोबाईलमध्ये तो फाँट नसतो, मग सोंग उतरतं.

या दुखण्यावरचा इलाज स्मार्टफोनच्या कितीतरी आधी निघाला होता. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये ‘जिस्ट’ तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या मोहन तांबे यांचा त्यात मोठा वाटा. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. कल्पना अशी, की अक्षराचं चित्र साठवायचंच नाही, उच्चार साठवायचा. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. संगणकाने मात्र ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर ठेवावी, दिसण्याची उस्तवार यंत्राने करावी. याच विचारावर बेतलेली ‘इस्की’ संकेतप्रणाली १९९१मध्ये भारतीय मानक झाली. तिच्या १९८८च्या आवृत्तीतला वर्णक्रम युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीने, उचलला. म्हणून देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, बंगाली ‘क’चा २४५३ आणि गुजराती ‘क’चा २७०९. फरक नेहमी १२८च्या पटीत! मोबाईलवरचा मराठी मेसेज आजही याच मांडणीवर चालतो, पण तांबे हे नाव किती जणांनी ऐकलंय?

विस्मृतीच्या बाबतीत आणखी एक नाव आठवतं. २००७च्या ऑफिसपासून रूढ झालेली वर्डची फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गठ्ठा असतो. आत मजकूर, चित्रं, शैली अशा वेगवेगळ्या फाइली. तिचे पहिले दोन बाइट म्हणजे ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरं: १९८९मध्ये झिप आणणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. हा गृहस्थ २०००मध्ये, अवघ्या ३७व्या वर्षी वारला. त्याची सही मात्र रोज लाखो लोक नकळत पुढे पाठवतात.

‘कोणतीही फाइल, कुठेही उघडा’ ही जाहिरात अर्धीच खरी. युनिकोडमुळे अक्षरं वाचता येतात, पण पान तसंच राहील याची हमी नाही. वर्डच्या फाइलीत सहसा फाँटचं फक्त नाव असतं, फाँट नसतो. विंडोजवरचा ‘मंगल’ फोनमध्ये नसला की ॲप दुसरा फाँट लावतं, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाते. गूगल डॉक्समध्ये फाइलचं रूपांतर केलं, तर तक्ते आणि समासही थोडे हलू शकतात. सादर करायची प्रत पीडीएफ करून ठेवण्यात शहाणपण आहे.

मराठीची एक खास खोड अजून उरतेच. ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट निराळे. साध्या शोधात एकाला विचारलं तर दुसरा सापडेलच असं नाही. पीकविम्याच्या लांबलचक कागदात हा शब्द हुडकायचा असेल, तर ‘शेतक’ एवढंच टाइप करावं. दोन्ही हाती लागतात.