डोंगरापलीकडची द्राक्षं

लेबनॉनच्या शातो म्युझार या वाइनची द्राक्षं डोंगराच्या एका बाजूला पिकतात आणि वाइन होते दुसऱ्या बाजूला. बागा आहेत बेका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर. दिवसा ऊन कडक, रात्री गारवा. याच खोऱ्यात, बालबेकला, रोमन काळातलं बाकस या मद्यदेवतेचं मंदिर आजही उभं आहे. तळघरं मात्र बैरूतच्या उत्तरेला, समुद्राकडच्या उतारावरच्या गझीर गावात, एका जुन्या गढीत. गास्तों होशार यांनी तिथे १९३० मध्ये सुरुवात केली. १९५९ पासून वाइनचं काम थोरला मुलगा सर्ज पाहू लागला. व्यवसाय अजूनही घराण्याकडेच आहे.

१९७५ मध्ये यादवी पेटली आणि बागांपासून तळघरांपर्यंतची काही तासांची वाट लढणाऱ्या गटांच्या मधून जाऊ लागली. तोडलेलं द्राक्ष कुणासाठी थांबत नाही, हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला सांगायला नको. १९७६ साली वाइन झालीच नाही. १९८४ साली ट्रक इतके रखडले की द्राक्षं वाटेतच आंबू लागली. सर्ज यांनी त्यांचीही वाइन केली! गंमत म्हणजे त्याच वर्षी लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकाने त्यांना आपला पहिला ‘मॅन ऑफ द इयर’ ठरवलं. देशातलं गिऱ्हाईक युद्धाने हिरावलं, तेव्हा बाटल्या ब्रिटनला जाऊ लागल्या होत्या. १९७९ च्या ब्रिस्टल वाइन मेळ्यात म्युझारची १९६७ ची वाइन जाणकारांच्या नजरेत भरली होती.

रेड वाइन तीन जातींची: काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यां. द्राक्षांवरच्या नैसर्गिक यीस्टवर रस सिमेंटच्या टाक्यांत आंबतो, मग वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत राहतो. बाजारात बाटली येते थेट सातव्या वर्षी, त्यामुळे युद्ध १९९० मध्ये संपलं तरी युद्धकाळातल्या तोडणीची वाइन त्यानंतरही कित्येक वर्षं येत राहिली. म्युझारच्या वाइनला किंचित व्हिनेगरसारखा वास येतो. काही परीक्षक त्याला सरळ दोष म्हणतात, आणि काटेकोर व्याख्येने तो दोषच. पण तो काढून टाकला तर ही वाइन ओळखू येणार नाही, असं मला वाटतं.

वाइन गाळलेली नसते, त्यामुळे तळाशी साका धरतो. बाटली आधी दिवसभर उभी ठेवायची आणि मग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतायची.