एका बोटाचे किती?

मे संपत आला की मोबाईलवर एक मेसेज येतो : खात्यातून २० रुपये वजा. आपण म्हणतो, बँकेनं पुन्हा कसला तरी चार्ज लावला. मेसेज डिलीट. पण त्या २० रुपयांत तुमच्या हातापायांचा आणि डोळ्यांचा वर्षभराचा विमा उतरलेला असतो. नेवासा तालुक्यातल्या पोरांनी हे नीट समजून घ्यायलाच हवं. कारण आपल्या घरोघरी कडबाकुट्टी आहे, मळणी यंत्र आहे, ट्रॅक्टरला रोटाव्हेटर आहे. गाळप सुरू झालं की भेंडे आणि सोनईच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा, आणि नेवासा फाट्यावर तर बाराही महिने वर्दळ. अपघात झाला की आधी दवाखाना, मग कर्ज, आणि पैसे कुठून मिळू शकतात हे कळेपर्यंत मुदत टळलेली!

म्हणून आजचा विषय जरा रुक्ष, पण कामाचा. अपंगत्व आलं तर भरपाईचा आकडा नेमका ठरतो कसा?

आधी टक्क्यांचा घोळ मिटवू

‘४० टक्के अपंग’ म्हणजे ४० टक्के पैसे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. टक्केवारी तीन प्रकारची असते. एक, डॉक्टर प्रमाणपत्रावर लिहितात ती शरीराची. दुसरी, कायद्याच्या किंवा पॉलिसीच्या तक्त्यात छापलेली. आणि तिसरी, तुमची कमाई किती बुडाली याची. कुठल्या दारात कुठली टक्केवारी चालते हे कळलं की निम्मं काम झालं.

२० रुपयांत काय येतं, काय येत नाही

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली आली. तेव्हा हप्ता १२ रुपये होता, जून २०२२पासून २० झाला. वय १८ ते ७०, विमा १ जून ते ३१ मे. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले, किंवा एक डोळा आणि सोबत एक हात वा पाय गेला, तर २ लाख. एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. बस्स, दोनच पायऱ्या. कुट्टीत एक-दोन बोटं गेली तर इथे मिळतात शून्य रुपये.

तीन खात्यांतून तीनदा हप्ता कापला गेला तरी भरपाई एकदाच मिळते. आणि ४३६ रुपये कापले जातात ती जीवनज्योती योजना वेगळी; ती फक्त मृत्यूनंतरची, अपंगत्वाशी तिचा संबंध नाही.

सातबारा असेल तर

शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची अपघात विमा योजना २००५-०६पासून होती. कंपन्या दावे अडवतात अशी ओरड वर्षानुवर्षं चालली. शेवटी एप्रिल २०२३मध्ये सरकारनं विमा कंपनीच मधून काढून टाकली आणि ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ आणली. हप्ता काही नाही. पैसे थेट शासनाकडून. आकडे वरच्यासारखेच : दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. वयोमर्यादा मात्र १० ते ७५.

तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सातबारा वडिलांच्या नावावर असला तरी खातेदाराशिवाय कुटुंबातल्या आणखी एका व्यक्तीला लाभ मिळतो, आणि त्यात मुलगा किंवा अविवाहित मुलगी येते. साप चावला, शॉक बसला, वीज पडली, फवारणीत विषबाधा झाली, गाडीवर अपघात झाला, हे सगळं यात धरतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांत. ही तीस दिवसांची मुदत लक्षात ठेवा. पेशंट अजून दवाखान्यात असतो, तेव्हाच घरातल्या कुणीतरी कृषी कार्यालय गाठायला हवं.

पगारावर असाल तर गणितच वेगळं

इथे बोटालाही किंमत आहे. १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं सूत्र असं : महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर तेवढी रक्कम. अंशतः आलं तर तिच्यातला तक्त्याप्रमाणे टक्का. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला, पण सूत्र तेच राहिलं.

करून बघू. वय २५, पगार १२,००० रुपये. ६० टक्के झाले ७,२००. पंचविशीचा गुणक २१६.९१. गुणाकार येतो १५,६१,७५२ रुपये. आता तक्ता बघा :

• एक हात मनगटापासून गेला : ६० टक्के, म्हणजे सुमारे ९ लाख ३७ हजार
• अंगठा गेला : ३० टक्के, सुमारे ४ लाख ६८ हजार
• तर्जनी पूर्ण गेली : १४ टक्के, सुमारे २ लाख १८ हजार

वय वाढतं तसा गुणक उतरतो. ४५ वर्षांच्या माणसासाठी तो १६९.४४ आहे, म्हणून त्याच पगाराला पूर्ण अपंगत्वाचे १२,१९,९६८ रुपये होतात. पगार कितीही असो, हिशेबात जास्तीत जास्त १५,००० धरतात. ही मर्यादा २०२०मध्ये ८,००० वरून वाढवली. हात बरा होणार असेल, पण तोवर काम बंद असेल, तर दर पंधरवड्याला पगाराचे २५ टक्के. आपल्या उदाहरणात महिन्याला ६,००० रुपये. उपचाराचा खर्च मालकाचा, तो वेगळा.

‘हे कंपनीवाल्यांसाठी, आपण तर शेतावर कामाला,’ असं म्हणत असाल तर थांबा. ट्रॅक्टरनं किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्रानं शेती करण्यासाठी कामावर ठेवलेला माणूस कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे दुसऱ्याच्या शेतात मळणी यंत्रावर हात गेला तर तो नुसता नशिबाचा भाग नाही, मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. स्वतःच्या घरच्या शेतात मात्र मालक कोणीच नसतो. तिथे वरच्या दोन योजनाच.

नगरच्या एमआयडीसीत जात असाल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल (पगार २१,००० पर्यंत), तर हा कायदा नाही, ईएसआय लागू. तिथे एकरकमी पैशांऐवजी पेन्शनसारखी रक्कम मिळते. काम बंद असेपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के. कायमचं नुकसान असेल तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं : १५,००० पगार आणि ३० टक्के नुकसान असेल तर महिन्याला साधारण ४,०५० रुपये, आयुष्यभर. साखर, गूळ असे निव्वळ हंगामी कारखाने ईएसआयमधून वगळलेले आहेत. तिथल्या कामगाराला पहिलंच सूत्र.

एक सावधगिरी. मालक दवाखान्याचं बिल भरतो, दहा-वीस हजार हातावर ठेवतो आणि शंभरच्या स्टॅम्पवर ‘माझी काही तक्रार नाही’ अशी सही घेतो. घरचे पण म्हणतात, जाऊ दे, गावातलाच माणूस आहे. पण कायद्यानं दिलेला हक्क असा सही करून सोडता येत नाही. वर, महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि निम्म्यापर्यंत दंड लागू शकतो.

गाडी कोणाच्या नावावर आहे?

दुचाकीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. दोन अवयव गेले तर पूर्ण रक्कम, एक गेला तर निम्मी. पण शब्द नीट वाचा : ‘मालक-चालक’. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवताय तुम्ही, तर हा विमा तुमचा नाही. लायसन्स नसेल तर मालकाचाही नाही.

चूक समोरच्या गाडीची असेल तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात. तिथे कमाईचं नुकसान मोजतात. २०११च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सोपं करून सांगितलं : डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व ६० टक्के असेल, पण ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के बुडते, सरकारी कारकुनाची कदाचित काहीच बुडत नाही. समजा २२ वर्षांचा मेकॅनिक महिना १५,००० कमावतो. पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २१,०००, म्हणजे वर्षाला २,५२,०००. कमाईचं नुकसान ३० टक्के ठरलं तर वर्षाचे ७५,६००. त्या वयाचा गुणक १८. एकूण १३,६०,८०० रुपये, शिवाय उपचार वगैरे वेगळे. म्हणून तुम्ही काय काम करत होता आणि किती कमवत होता याचा पुरावा इथे सोन्यासारखा.

काय अपेक्षा ठेवावी?

खरं सांगायचं तर सगळीकडून सगळं मिळत नाही, आणि लगेच तर नाहीच. महिन्याचं अर्थसाहाय्य हवं असेल तर संजय गांधी निराधार योजना आहे. दिव्यांगांसाठी ते २०२५मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झालं. पण त्याला किमान ४० टक्के अपंगत्व आणि वार्षिक ५०,००० च्या आतलं उत्पन्न लागतं. अंगठा जाऊनही चाळिशीची रेषा ओलांडेलच असं नाही. ही पोकळी भरायची तर स्वतःची पॉलिसी. एप्रिल २०२१पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे ‘सरल सुरक्षा बीमा’ ही एकसारख्या अटींची अपघात पॉलिसी मिळते. तिच्या तक्त्यात बोटंही आहेत.

आणि अपघात झालाच, तर हे कागद पहिल्या आठवड्यात गोळा करा : पोलिसांकडची नोंद आणि पंचनामा, दवाखान्याचं पहिलं केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड, बँक पासबुक, सातबारा, पगाराचा किंवा हजेरीचा कुठलाही पुरावा, अगदी फोनपेवर आलेली मजुरीसुद्धा. केसपेपरवर ‘घरी पडला’ असं काही लिहू देऊ नका. जसं घडलं तसंच सांगा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र नगरच्या सिव्हिलमधून. वकिलाची फी परवडत नसेल तर नेवासा न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे; दिव्यांग व्यक्ती आणि महिलांना तिथे मोफत वकील मिळतो.

आज एवढंच करा. बँकेचं अ‍ॅप उघडा, २० रुपये कापले गेलेत का बघा. नसतील तर उद्या बँकेत जाऊन फॉर्म भरा. आणि संध्याकाळी कुट्टीला हात लावण्याआधी बटण बंद करा. तक्त्यात अंगठ्याला ३० टक्के आहेत, पण तो परत बसवून देणारा तक्ता अजून कोणी छापलेला नाही.