कॅचरच्या पाठीमागचा माणूस

क्रिकेटचा पंच आणि बेसबॉलचा पंच या दोघांच्या नशिबातला फरक ते उभे कुठे राहतात यात आहे. आपला क्रिकेटचा पंच गोलंदाजाच्या बाजूला उभा असतो. गोलंदाज त्याच्या अंगावरून पुढे धावतो, चेंडू त्याच्यापासून दूर जातो, आणि फलंदाजाने तो सरळ परत टोलवला तरच पंचावर उडी मारण्याची पाळी येते. बेसबॉलमध्ये मुख्य पंचाला उभे करतात ते कॅचरच्या, म्हणजे आपल्या भाषेत यष्टिरक्षकाच्या, पाठीमागे. पिचर चेंडू टाकतो तो याच्याच तोंडावर नेम धरल्यासारखा. मध्ये काय असते? बॅट घेतलेला एक खेळाडू, ज्याला चेंडू लागेल की नाही याची त्याची त्यालाच खात्री नसते. आणि गुडघ्यांवर बसलेला एक कॅचर, जो आपले स्वतःचे डोके वाचवण्यात गुंतलेला असतो.

मी मूळचा गिरगावचा. नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात येऊन स्थायिक झालो त्याला आता बावीस वर्षे होतील. येथे मुलांच्या बेसबॉलची मोठी संघटना आहे, तिला ‘लिटल लीग’ म्हणतात. पेनसिल्व्हेनियातील विल्यमस्पोर्ट या गावी १९३९ साली ती सुरू झाली. आमचे चिरंजीव आठ वर्षांचे झाले तेव्हा त्यांनाही त्यात घातले. येथली पद्धत अशी की मुलगा खेळायला घातला की आईबापांनाही काही ना काही काम अंगावर घ्यावे लागते. कुणी प्रशिक्षक होतो, कुणी धावा मांडतो, कुणी सरबताच्या गाडीवर उभा राहतो. मी पोचेपर्यंत सरबताची जागा गेली होती. “तुम्ही क्रिकेटच्या देशातले, तुम्हाला पंचगिरी जमेल,” असे म्हणून एका गृहस्थांनी माझ्या हाती एक लोखंडी जाळीचा मुखवटा दिला. तो देताना ते किंचित हसले होते, असे मला आता आठवते.

पंचाचा पोशाख करायला पाऊण तास लागत नाही, पण आमच्या घरी तसे म्हणण्याची पद्धत पडली आहे. नडग्यांना गुडघ्यापासून पावलापर्यंत कठीण आवरण, छातीवर सदऱ्याच्या आत कवच, बोटांवर पोलादी टोपी बसवलेले बूट, तोंडावर मुखवटा, आणि त्या मुखवट्याखाली लोंबणारी एक जीभ. ही जीभ गळ्याच्या रक्षणासाठी. तिची कथा मोठी विलक्षण आहे. १९७६ साली लॉस एंजेलिसच्या संघाचा कॅचर स्टीव्ह येगर हा आपली पाळी येण्याची वाट पाहत मैदानाच्या कडेला उभा होता. फलंदाजाची बॅट मोडली आणि तिचा तुकडा येऊन याच्या मानेत घुसला. माणूस बचावला. त्याच्यासाठी संघाच्या प्रशिक्षणतज्ज्ञाने, बिल ब्यूलरने, मुखवट्याला खाली लोंबते आवरण जोडले, आणि पुढे ते पंचांच्याही गळ्यात आले. मुखवटा तर याहून जुना. १८७०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातल्या फ्रेड थेयर या विद्यार्थ्याने तो पट्टेबाजीच्या मुखवट्यावरून तयार केला. त्यापूर्वी हे लोक उघड्या तोंडाने कसे उभे राहत असतील, याची कल्पनाच करवत नाही.

आता प्रश्न असा की एवढे चिलखत असताना लागते कसे? वाचकहो, लागते ते नेमके चिलखत जिथे संपते तिथे. बारा वर्षांचा चांगला पिचर ताशी ६० मैलांच्या वेगाने चेंडू टाकू शकतो, आणि छोट्यांच्या मैदानावर अंतर असते ४६ फूट. हिशेब केला तर सगळा मामला अर्ध्या सेकंदाचा. मोठ्यांच्या खेळात अंतर ६० फूट ६ इंच असले तरी ९५ मैलांच्या वेगामुळे वेळ त्याहूनही कमी मिळतो. बरे, चेंडू सरळ आला तर कॅचरच्या हातमोज्यात जातो. पंचाचा खरा वैरी म्हणजे बॅटला निसटता स्पर्श होऊन आलेला चेंडू. त्याची दिशा चार-सहा इंचांनी बदलते, कॅचरचा मोजा एकीकडे राहतो आणि चेंडू दुसरीकडे. त्यावेळी डोळे मिटण्यासही अवकाश नसतो.

पहिल्याच वर्षी असा एक चेंडू माझ्या दंडाच्या आतल्या अंगाला, कवचाच्या बरोबर बाहेर, बसला. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. रात्री सौ.ने शेक देताना दिवा जवळ घेतला आणि म्हणाली, “अहो, यातले टाके मोजता येतील!” दुसऱ्या वर्षी अंगठा सुजला. तेव्हा एका जुन्या पंचाने शिकवले की हात नेहमी मांडीच्या किंवा गुडघ्याच्या मागे लपवावेत, चेंडूला बोट दाखवू नये. शहाणपण या धंद्यात असेच येते, अवयवा-अवयवाने.

सगळेच अपघात चेंडूने होतात असे नाही. होम प्लेट म्हणून जमिनीत बसवलेली रबराची पाच कोनी पांढरी फरशी असते. तिच्यावर माती साचली की पंचाने पुढे जाऊन, प्रेक्षकांकडे पाठ न करता, वाकून छोट्या ब्रशने ती झाडावी असा संकेत आहे. प्रेक्षकांचा मान राखण्याचा हा प्रकार मी एका रविवारी मनापासून पाळला. वाकलो, आणि माझी पाटलोण मधोमध टर्रकन उसवली. प्रेक्षकांना काही दिसले नाही. मैदानावरच्या नऊ मुलांना मात्र सगळे दिसले, आणि पुढची दहा मिनिटे पिचरला एकही चेंडू नीट टाकता आला नाही. आणखी एकदा तिन्हीसांजेला, शेवटची जोडी खेळत असताना, हिरवळीवर पाणी शिंपडणारे फवारे आपल्या ठरल्या वेळी सुरू झाले. मुलांना तो पाऊस वाटला. मला कवचासकट न्हाऊ घालण्यात आले.

या खेळात एक अलिखित रीत आहे, आणि मला ती फार आवडते. पंचाला लागले, पण खेळ थांबवण्याइतके लागले नाही, तर कॅचर उठतो आणि पिचरशी काही महत्त्वाचे बोलायचे आहे असे सोंग करून सावकाश त्याच्याकडे चालत जातो. तेवढ्या वेळात पंचाने आपले डोळे पुसावेत, श्वास घ्यावा. उलट कॅचरला लागले तर पंच पुढे येतो आणि स्वच्छ असलेली प्लेट पुन्हा एकदा झाडत बसतो. कुणी कुणाला ‘लागले का?’ म्हणून विचारत नाही. माझ्या खांद्याला एकदा मार बसला तेव्हा दहा वर्षांचा एक कोरियन मुलगा कॅचर होता. तो उठला, पिचरजवळ गेला, आणि दोघे आकाशाकडे बोट दाखवून विमानाबद्दल बोलत उभे राहिले. त्याला ही रीत कुणी शिकवली, देव जाणे.

पण सगळे असे खेळीमेळीचे नाही. कॅल ड्रमंड नावाचे पंच १९६९च्या जूनमध्ये बाल्टिमोर येथे सामना करीत असता त्यांच्या मुखवट्यावर चेंडू बसला. ते उभेच राहिले. पुढे शुद्ध हरपली आणि डोक्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. ते बरे झाले, जवळजवळ वर्षभराने पुन्हा उभे राहण्याची तयारी म्हणून डी मॉइन येथे एका कनिष्ठ सामन्याला गेले, आणि तेथेच कोसळून मृत्यू पावले. ती १९७०च्या मे महिन्यातली गोष्ट. १ एप्रिल १९९६ रोजी सिनसिनाटीत हंगामाचा पहिलाच सामना होता. अवघे सात चेंडू पडले होते. होम प्लेटमागे उभे असलेले जॉन मॅकशेरी यांनी हात वर केला, मागे वळून चार पावले टाकली आणि ते खाली पडले. हृदयाने दगा दिला होता. वय ५१. त्यांना चेंडू लागला नव्हता. पण वजन तीनशे पौंडांच्या वर होते आणि उन्हाळाभर अंगावर चिलखत चढवून वाकून उभे राहण्याचे ते काम. आमच्यासारख्या रविवारच्या पंचांनाही म्हणूनच वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरावा लागतो, निदान आपापल्या घरून तरी.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. चिरंजीव मोठे झाले तसा मीही मोठ्या मैदानावर गेलो. तेरा-चौदा वर्षांची मुले, पुरे अंतर, ताकद निराळी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक निसटता चेंडू माझ्या मुखवट्यावर, कपाळाच्या जागी, बसला. दुखले असे म्हणता येणार नाही. कुणीतरी घंटा वाजवली आणि ती थांबवायला विसरले, तसे झाले. मी उभा होतो. हाताच्या पंजात चेंडू मोजण्याचे छोटे यंत्र असते, त्यावरचे आकडे मला दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. माझे जोडीदार पंच धावत आले, त्यांनी मला कुठला डाव चालू आहे ते विचारले, आणि माझे उत्तर ऐकून न बोलता मुखवटा काढून घेतला.

डॉक्टरांनी डोक्याचे चित्र काढले. त्यात काही नव्हते. यालाच येथे ‘कन्कशन’ म्हणतात: कवटी शाबूत, रक्त नाही, टेंगूळ नाही, आत मेंदू हादरलेला. चित्रात दिसत नाही म्हणून तो खोटा नव्हे, हे डॉक्टरांनी सौ.ला दोनदा समजावून सांगितले. मग मला वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले. मी डिसेंबरपासून निघालो आणि ऑगस्टपाशी अडकलो. सौ. म्हणाली, “त्यांना ते आधीही येत नव्हते.” पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

पुढचे पाच आठवडे घरात पडदे ओढलेले. भांडे आपटले तरी डोके ठणके. वर्तमानपत्राची चार वाक्ये वाचली की पहिले विसरलेले असे. कचेरीत अर्धा दिवस जाऊ लागलो तेव्हा रोजच्या सहकाऱ्याचे नाव आठवेना. हे सगळे हळूहळू निवळते, बहुतेकांचे निवळते. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावली: पूर्ण बरे होण्याआधी दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा फार वाईट ठरू शकतो. सासूबाईंचा दादरहून फोन आला. “जावईबापू, सुखातला जीव दुःखात कशाला घालता? पैसे तरी मिळतात का त्याचे?” मिळत नाहीत. लिटल लीगचे पंच बहुतेक स्वयंसेवकच असतात. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मी घरी पडून असताना डेल स्कॉट यांच्याबद्दल वाचून घेतले. म्हणजे चिरंजीवांनी वाचून दाखवले. तीसहून अधिक वर्षे त्यांनी सर्वोच्च पातळीवर पंचगिरी केली. एप्रिल २०१७मध्ये टोरंटोला चेंडू मुखवट्यावर बसून कन्कशन झाले. तो त्यांना झालेला पहिला नव्हता. त्यांनी पुन्हा प्लेटमागे पाऊल टाकले नाही. वर्षअखेरीस निवृत्ती जाहीर केली. केर्विन डॅन्ली यांना २००८ साली ९६ मैल वेगाचा चेंडू जबड्यावर बसला, पुढच्याच वर्षी मोडक्या बॅटचा तुकडा डोक्याला लागला. ते मात्र परत आले आणि २०२० साली पंचांच्या तुकडीचे प्रमुख झाले, या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. चिरंजीवांनी दोन्ही वाचले आणि विचारले, “बाबा, तुम्ही यातले कोण?” सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “दोघांनाही पगार होता.”

क्रिकेटवाल्यांनी आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. डिसेंबर २०१६मध्ये मुंबईत वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटीत पॉल रायफल यांच्या डोक्याला मागून क्षेत्ररक्षकाची फेक लागली आणि त्यांना मैदान सोडावे लागले. त्याच्या दोन वर्षे आधी इस्रायलमधील अश्दोद येथे हिलेल ऑस्कर हे पंच चेंडू लागून दगावले. इस्रायलचे ते माजी कप्तान. तिकडे क्रिकेट जिवंत ठेवले आहे ते बव्हंशी आपल्याकडून गेलेल्या ज्यू मंडळींनी, त्यात मुंबई-कोकणातले बेने इस्रायलही आले.

चेंडूपेक्षा वाईट गोष्ट एकच, ती म्हणजे पालक. मुलाला बाद दिले की खुर्च्यांवरून जी वाक्ये येतात ती दिवाळी अंकात छापण्यासारखी नाहीत. आमच्याकडे पंधरा-सोळा वर्षांची मुलेमुली लहानांच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहतात. त्यांतली कित्येक एका हंगामानंतर दिसत नाहीत, आणि त्यांना चेंडू लागलेला नसतो. आमच्याच राज्यातील डेप्टफर्ड गावच्या लिटल लीगने एप्रिल २०२३मध्ये यावर नामी नियम काढला: जो प्रेक्षक पंचाला शिवीगाळ करील त्याने स्वतः तीन सामन्यांत पंचाच्या जागी उभे राहावे, तेव्हाच त्याला पुन्हा खुर्चीत बसता येईल. दोन पंच कंटाळून निघून गेल्यावर सुचलेली ही युक्ती आहे.

गेल्या वसंतात मी परत गेलो. तह असा झाला की प्लेटमागे उभे राहायचे नाही, फक्त बेसवर. त्या जागी मुखवटा लागत नाही, कवच लागत नाही; फेकीकडे लक्ष ठेवून चपळाईने बाजूला सरावे लागते, एवढेच. प्लेटमागे आमच्या शेजारची सोळा वर्षांची मुलगी असते. माझा मुखवटा आता तिच्याकडे आहे. त्याचे पट्टे तिने थोडे सैल ठेवावेत, म्हणजे मार बसला की मुखवटा फिरतो आणि धक्का कमी लागतो, हे मी तिला दाखवून दिले. तिच्या आईला मात्र गळ्याची ती जीभ फारच छोटी वाटते. नवी, लांब जीभ कुठे मिळते याचा शोध सध्या त्या आणि आमची सौ. मिळून घेत आहेत.